ऐरणीवरचा रविवार

*ट्रेक झाला, पॉटरी झाली, बेकिंगचा क्लासही झाला... आता वीकेंडला करायचं काय? आमच्या पाच जणांच्या ग्रुपने थेट पाथर्डी तालुका गाठला आणि एका लोहारमामांकडे घण हातात घेतला. दोन रविवार, हाताला आठ फोड, एक जळून गेलेलं लोखंड आणि ऑफिसात कुणीच न शिकवलेल्या काही गोष्टी!*

रविवार सकाळ, साडेआठची वेळ. एरवी या वेळी मी गादीत असते आणि मोबाइल उशीखाली. आज मात्र पत्र्याच्या एका अंधाऱ्या शेडमध्ये उभी आहे. समोर जमिनीत खणलेली भट्टी, तिच्यात लालभडक निखारे, शेजारी बाभळीच्या ओंडक्यात रुतवलेली काळीकुळकुळीत ऐरण. माझ्या डाव्या हातात सांडशी, उजव्या हातात हातोडा. आणि मामा म्हणतायत,

‘‘मार की! बघती काय? ते काय तुझ्यासाठी थांबणार हाय व्हय?’’

ते म्हणजे लोखंड. भट्टीतून बाहेर काढलं तेव्हा संत्र्याच्या रंगाचं होतं. मी ‘वॉव’ म्हणून बघत राहिले तेवढ्यात लाल झालं. हातोडा उचलेपर्यंत काळपट. मामांनी ते माझ्याकडून घेतलं, परत निखाऱ्यात खुपसलं आणि शांतपणे म्हणाले, ‘‘आता परत भाता हाण.’’

झाला की नाही पहिला धडा? लोखंड तापलेलं असतानाच घाव घालायचा, हे वाक्य मी शाळेच्या निबंधापासून ऑफिसच्या मोटिव्हेशनल भाषणापर्यंत शंभरदा ऐकलंय. पण ‘तापलेलं असताना’ म्हणजे जेमतेम वीस-पंचवीस सेकंद, हे त्या दिवशी कळलं!

आयडिया कुणाची?

आमच्यातल्या एकाची. तो हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. अमेरिकेत २०१५ मध्ये सुरू झालेला ‘फोर्ज्ड इन फायर’ हा शो त्याने रात्र रात्र जागून पाहिलाय. चार स्पर्धक, भट्टी, ठरावीक वेळ आणि शेवटी सुरी नाहीतर तलवार! परदेशात या कलेचे हौशी क्लासेस जोरात चालतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात १९२५ पासून असलेल्या जॉन सी. कॅम्पबेल फोक स्कूलमध्ये तर डॉक्टर, वकील, रिटायर्ड आज्या असे सगळे आठवड्याची सुट्टी काढून लोहारकाम शिकायला जातात.

‘‘आपल्याकडे असं काही नाही का?’’ हा त्याचा प्रश्न.

‘‘आहे ना. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये स्मिथी होतं की!’’ दुसरा म्हणाला. मग दोघंही हसत सुटले. पॉलिटेक्निक केलेल्यांना कारण सांगायची गरज नाही. सळई तापवून चौकोनी करायची, जर्नलमध्ये आकृती काढायची, सही घ्यायची. प्रत्यक्षात ठोकाठोकी वर्कशॉपमधल्या हेल्परनेच केली होती आणि यांनी बाहेर चहा प्यायला होता.

आमच्या ग्रुपमधली तिसरी एका बँकेत आहे, पोस्टिंग नगरला. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. पण एसटीत बसल्यावर ‘एक नगर द्या’ हेच तोंडात येतं.) तिच्या ओळखीतून हे मामा सापडले. उरलेले दोघं म्हणजे एक आर्किटेक्ट आणि मी. माझी आजी शेजारच्या शेवगाव तालुक्यात राहते, तेव्हा मला आयतंच निमित्त मिळालं.

मामांनी आधी फोनवर सरळ नाही सांगितलं. ‘‘शिकून करणार काय तुमी?’’ आमच्याकडे उत्तर नव्हतं. मग बँकवालीने आकडा सांगितला. माणशी सातशे रुपये, शिवाय कोळशाचे आणि लोखंडाचे वेगळे. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग मामांच्या मुलाचा आवाज : ‘‘म्हंजी काम तुमी करणार आन् पैसं बी तुमीच देणार?’’

करंजी घाट उतरून आम्ही पोचलो तेव्हाही त्याचा चेहरा तोच प्रश्न विचारत होता.

अंधार कशाला हवा?

पहिली गोष्ट मी विचारली ती हीच. एवढं छान ऊन आहे, शेडला एक खिडकी का नाही? मामांनी हातातली सळई बाहेर उन्हात नेली. आत लालबुंद दिसणारं टोक बाहेर काळं वाटलं. परत आत आणली, पुन्हा लाल. ‘‘उजेडात रंग खोटा दिसतो. आपलं सगळं काम रंगावर!’’

थर्मामीटर नाही, डिस्प्ले नाही. रंग हाच मीटर. मंद लाल रंग म्हणजे साधारण ६०० ते ७०० अंश सेल्सिअस. या तापमानाला लोखंड ऐकत नाही, नुसतं हट्ट करतं. नारिंगी म्हणजे ९०० च्या पुढे. इथून खरं काम सुरू होतं. पिवळं झालं की अकराशेच्या आसपास, तेव्हा ते मेणासारखं वागतं. आणि पांढरं होऊन ठिणग्या उडायला लागल्या की समजा गेलं!

भट्टीचंही शास्त्र आहे. निखारे भरपूर असले म्हणून उष्णता मिळत नाही, वारा मिळायला हवा. तोच भात्याचा खेळ. मामांच्या वडिलांकडे चामड्याचा भाता होता. तो आजही आढ्याला टांगलाय, उंदरांनी एका बाजूने कुरतडलेला. आता हाताने फिरवायचा लोखंडी पंखा आहे आणि मुलाने आणलेला एक विजेचा ब्लोअर. पण आमच्यासाठी ब्लोअर बंद! ‘‘बटन दाबून वारा आला तर तुमाला कळायचं न्हाई किती लागतो ते,’’ इति मामा. अर्धा तास पंखा फिरवल्यावर आम्हाला बरोब्बर कळलं.

कोळसाही दोन प्रकारचा. लोणारी कोळसा, म्हणजे लाकडाचा. तो स्वच्छ जळतो पण भराभर संपतो. दगडी कोळसा जास्त वेळ टिकतो, पण त्यातला कचरा वितळून तळाशी खडा धरतो. तो मधूनमधून उकरून काढला नाही तर वाराच अडतो. मामा दोन्ही मिसळतात.

पहिला जॉब : एक हूक

आर्किटेक्टला दाराचं नक्षीदार हँडल बनवायचं होतं. सॉफ्टवेअरवाल्याला अर्थातच तलवार. मामांनी प्रत्येकाच्या हातात वीतभर साधी सळई दिली आणि म्हणाले, ‘‘हूक करा. दावणीला लागत्यात.’’

ऐकायला सोपं आहे. टोक निमुळतं करायचं, मग वाकवायचं. पण गोल सळई ठोकून निमुळती करायला गेलं तर ती आतून फाटते. आधी चौकोनी करायची, मग अष्टकोनी, मग गोल. एक घाव, नव्वद अंशात फिरव, दुसरा घाव, परत फिरव. हातोडा मनगटाने मारायचा नाही, खांद्यापासून सोडायचा. आणि मूठ घट्ट आवळायची नाही. आम्ही सगळ्यांनी ती आवळली, म्हणूनच ते आठ फोड.

मला सगळ्यात आवडली ती घणाची भाषा. मोठं काम असलं की दोघं लागतात. मामा सांडशीने लोखंड धरतात आणि छोट्या हातोड्याने टिचकी मारून दाखवतात, इथे. समोरचा माणूस घण उचलून नेमका तिथेच मारतो. टिचकी हलकी तर घाव हलका, टिचकी जोरात तर घावही जोरात. मामांनी हातोडा रिकाम्या ऐरणीवर वाजवला की थांबायचं. टिक-धम्, टिक-धम्, टिंग! एक शब्द न बोलता. आमच्या ऑफिसातल्या मीटिंगा अशा झाल्या तर?

आणि समोर घण कोण मारतं माहितेय? मामी! वय पन्नाशीच्या पुढे, पदर खोचलेला, हातात हिरव्या बांगड्या. लग्न होऊन आल्या तेव्हापासून मारतायत. आमचा जिमला जाणारा गडी दहा घावांत बसला. मामी पन्नास झाले तरी बोलत होत्या.

‘‘मामी, दमत नाही का हो तुम्ही?’’

‘‘दमून सांगायचं कुणाला?’’ त्या हसल्या. मग सहज बोलल्या, ‘‘तुमाला हौस हाय बाई. आमाला पोट व्हतं.’’

तिथे आमचं हसू जरा थांबलं.

गावाचं हार्डवेअर सेक्शन

जेवताना (बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पिठलं... त्यावर वेगळा लेख होईल!) मामा जुन्या गोष्टी सांगत बसले. बारा बलुतेदारांत लोहार होता. वर्षभर गावाची अवजारं करायची, दुरुस्त करायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य घ्यायचं. नांगराचा फाळ, वखराची पास, विळे, खुरपी, कुऱ्हाडी, पहारी, विहिरीचे गरे, घरातली विळी आणि उलथनं, सगळं इथूनच जायचं. आजच्या भाषेत गावाचं हार्डवेअर, सर्व्हिस सेंटर आणि आर अँड डी एकाच शेडमध्ये!

सगळ्यात मोठा सोहळा म्हणजे बैलगाडीच्या चाकाला धाव बसवणं. धाव म्हणजे लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी. ती चाकापेक्षा मुद्दाम किंचित लहान करायची, जाळात लाल करायची म्हणजे ती पसरते, मग चार-पाच जणांनी सांडशांनी उचलून चाकावर चढवायची आणि वर पाणी ओतायचं. धाव आकसते आणि लाकडाचे सगळे सांधे कचकन आवळते. खिळा नाही, स्क्रू नाही. आमचे दोन्ही इंजिनीअर हे ऐकून एकमेकांकडे बघायला लागले. ‘थर्मल एक्स्पान्शन’चा असा पेपर असता तर कुणी नापास झालं नसतं.

मग टायरच्या गाड्या आल्या, ट्रॅक्टर आला. लोखंडी नांगर तर त्याच्याही आधी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बाजारात आणला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल म्हणून शेतकरी घ्यायलाच तयार नव्हते. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, नांगर घरोघरी गेला आणि गावच्या लोहाराचं एकेक काम कारखान्याकडे सरकत गेलं. मुंढव्याची १९६१ मध्ये स्थापन झालेली भारत फोर्ज तरी काय करते? तापवते आणि ठोकते. ट्रकच्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट असाच लाल करून प्रचंड प्रेसखाली घडवतात. काम लोहाराचंच, फक्त मामींच्या जागी मशीन!

लोखंडाशी आपली ओळखही फार जुनी आहे बरं का. नागपूर जिल्ह्यात नायकुंडला सुमारे २७०० वर्षांपूर्वीची लोखंड गाळायची भट्टी उत्खननात सापडलीय. नगर जिल्हा तर धातूच्या बाबतीत भलताच श्रीमंत. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशा कांस्याच्या चार वस्तू मिळाल्या, एकूण वजन ६० किलोंहून जास्त. विजापूरची प्रसिद्ध मुलूख मैदान तोफ ओतली गेली तीही इथेच, १५४९ मध्ये, निजामशाहीच्या नगरात. अर्थात ती कामं ओतकामाची. साच्यात पातळ धातू ओतला की आकार एका फटक्यात मिळतो. लोहाराला साचा नाही. त्याला प्रत्येक वेळी आकार घावाघावाने मागून घ्यावा लागतो.

आणि पडद्यावरचा लोहार आठवतोय? भालजी पेंढारकरांचा १९६५ चा ‘साधी माणसं’. सूर्यकांत आणि जयश्री गडकर लोहार नवरा-बायको, संगीत ‘आनंदघन’ म्हणजे लता मंगेशकरांचं. मामींना तो तोंडपाठ आहे. मात्र त्यांचं एक ऑब्जेक्शन आहे. ‘‘त्या बाईच्या हाताला एक बी घट्टा न्हाई!’’

कोयता म्हणजे दोन माणसं

मामांचं दुकान आज चालतं ते मुख्यतः कोयत्यावर. पुण्यात कोयता म्हटलं की पेपरातली ‘कोयता गँग’ डोळ्यांपुढे येते. पाथर्डीत कोयता म्हणजे रोजीरोटी. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादमाकडून जी उचल मिळते, ती ‘कोयत्या’च्या हिशोबाने. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोन जिवंत माणसं, पण हिशोबात नाव अवजाराचं!

हा कोयता हलका असावा लागतो, नाहीतर दिवसभर उचलून खांदा जातो. पण फार हलका असला तर ऊस एका घावात तुटत नाही. त्याचा तोल कुठे आहे हे मामा डोळे मिटून सांगतात. प्रत्येक गिऱ्हाइकाचा हात त्यांना पाठ आहे. डावखुऱ्यासाठी धार वेगळ्या बाजूने, बाईसाठी मूठ बारीक. याला आपण ‘कस्टमायझेशन’ म्हणतो आणि जादा पैसे मोजतो.

आता बाजारात तयार कोयते ढिगाने येतात. स्वस्त असतात, महिनाभरात वाकतात, मग लोक ते सरळ करून घ्यायला मामांकडे येतात. दुरुस्तीचे मिळून मिळणार किती? मुलाने आयटीआय केलं आणि सुप्याच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर लागला. महिन्याला पगार, पीएफ, रविवारी सुट्टी. त्याने काय चूक केलं? तो आम्हाला सरळ म्हणाला, ‘‘ही ऐरण भंगारात किलोवर जाईल. दिवाळीनंतर बंदच करा म्हणतोय मी. आईचा खांदा गेलाय.’’

मामा काही बोलले नाहीत. ऐरणीवर हात फिरवत बसले. ती त्यांच्या आज्याची आहे.

परतीच्या वाटेवर रस्त्याकडेला घिसाड्यांची दोन पालं दिसली. बायका घण मारत होत्या आणि एक लहान पोर पंखा फिरवत होतं. येताना ‘किती फोटोजेनिक’ म्हणून गाडी थांबवणारे आम्ही, जाताना फोटो न काढता पुढे गेलो.

इथे कंट्रोल झेड नाही

दुसरा रविवार. आज खुरपं! आजीसाठी न्यायचं म्हणून मी भलतीच सीरियस.

खुरप्याला साधी सळई चालत नाही. तिच्यात कार्बन कमी असतो, त्यामुळे कितीही पाणी द्या, ती धार धरत नाही. म्हणून गावोगावचे लोहार भंगारातून ट्रकच्या कमानीचे पाटे आणतात. त्या पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या वर असतो. साध्या सळईत साधारण त्याच्या निम्मा किंवा त्याहूनही कमी. एवढ्याशा फरकावर विळा आणि खेळणं यातला फरक ठरतो.

पाट्याचा तुकडा मी भट्टीत घातला, पंखा फिरवायला लागले आणि... फोन वाजला. कामाचाच होता. ‘एकच मिनिट’ म्हणून घेतला. बोलता बोलता हात फिरतच होता. मागून मामी ओरडल्या तेव्हा वळून पाहिलं. भट्टीत फुलबाजी लागली होती! पांढऱ्या ठिणग्यांचा नुसता पाऊस. मी घाईघाईने तुकडा बाहेर काढला, ऐरणीवर ठेवून घाव घातला आणि टोक ओल्या बिस्किटासारखं फुटलं.

‘‘जळलं,’’ मामा म्हणाले.

‘‘परत तापवून जुळणार नाही?’’

‘‘जळालेलं लोखंड कुणालाच जुळत न्हाई. ब्रह्मदेव आला तरी.’’

कॉम्प्युटरवर दिवसातून दोनशे वेळा ‘अन्डू’ करणाऱ्या माझ्यासारखीला हे पचायला वेळ लागला. लेख बिघडला तर जुनी फाइल असते. फोटो बिघडला तर दुसरा काढता येतो. इथे जळलं ते जळलं. मामा रागावले मात्र नाहीत. त्यांनी दुसरा तुकडा काढून दिला आणि माझा फोन उचलून आढ्याला, जुन्या भात्याच्या शेजारी टांगलेल्या पिशवीत टाकला. चार तास तो तिथेच होता. जगबुडी झाली नाही!

या वेळी नीट तापवलं. पातं चपटं केलं, कडा पातळ केल्या, मुठीत जाणारं टोक लांबवलं, मान वाकवली. मामी समोरून घण मारत होत्या आणि टिचकी... टिचकी मी मारत होते! त्या पाच मिनिटांसाठी मी जगातल्या कुठल्याही प्रमोशनशी अदलाबदल करणार नाही.

पाणी जोखणं म्हणजे काय?

आता शेवटची आणि सगळ्यात अवघड पायरी, पाणी देणं. ठरावीक तापमानाच्या वर पोलादाच्या आतली रचना बदलते आणि कार्बन तिच्यात विरघळतो. हळूहळू गार होऊ दिलं तर तो निवांत बाहेर पडतो आणि पोलाद मऊ होतं. एकदम पाण्यात बुडवलं तर तो आत अडकून बसतो आणि पोलाद कडक होतं. पण इतकं कडक, की दगडावर आपटलं तर काचेसारखा तुकडा उडेल. म्हणून कडक केल्यावर ते परत थोडं नरम करावं लागतं.

हे तापमान ओळखायचं कसं? आमच्या सॉफ्टवेअरवाल्याने खिशातून एक लोहचुंबक काढला. जुन्या स्पीकरमधला होता. सुमारे ७७० अंशांना लोखंडाला चुंबक चिकटेनासा होतो, पाणी द्यायचं ते त्याच्या जरा वर, हे तो वाचून आला होता. ठरलं! मामांनी फक्त रंग बघून सांगायचं, त्याने चुंबक लावून तपासायचं. तीनदा केलं. मामा ‘‘आता’’ म्हणाले आणि तिन्ही वेळा चुंबक चिकटला नाही. त्याने चुंबक गुपचूप खिशात ठेवला.

मग मामांनी माझं खुरपं धरलं आणि फक्त धारेची बाजू पाण्यात बुडवली. चुर्रर्र! काही सेकंदांत बाहेर काढली, विटेच्या तुकड्याने घासून चकचकीत केली आणि म्हणाले, ‘‘बघ.’’ पात्याच्या पाठीत अजून उष्णता होती. ती हळूहळू धारेकडे सरकत होती आणि तिच्यापुढे रंगांची एक लाट चालली होती. आधी निळा, त्याच्यापुढे जांभळा, तांबूस आणि सगळ्यात पुढे वाळल्या कडब्यासारखा फिका पिवळा. पिवळा धारेला पोचला मात्र, मामांनी अख्खं खुरपं पाण्यात सोडलं. संपलं. निळा रंग धारेवर येऊ दिला असता तर धार मऊ पडली असती.

एखाद्याचं पाणी जोखणं असं आपण म्हणतो ना? पात्याचं पाणी असं जोखतात! बाभळीच्या मुठीत तापलेलं टोक खुपसलं तेव्हा आलेला धुराचा वास माझ्या केसांत दोन दिवस होता. मी शाम्पू लावला नाही.

आजीचा रिव्ह्यू

संध्याकाळी शेवगावच्या वाटेने आजीकडे. मी कागदात गुंडाळलेलं खुरपं तिच्यापुढे धरलं. तिने आधी चष्मा शोधला. मग अंगठा धारेवरून आडवा फिरवला, मूठ हातात तोलली आणि काही न बोलता परसात जाऊन वांग्याच्या वाफ्यात बसली. एक ओळ पूर्ण निंदून झाली. मी परीक्षेच्या निकालासारखी उभी.

‘‘मान जरा डावीकडं गेलीय,’’ आजी म्हणाली. ‘‘पर गवत निघतंय.’’

एवढा चांगला अप्रेझल मला आजवर मिळालेला नाही.

जाताना मी तिला मामांच्या मुलाचं बोलणं सांगितलं. आजी म्हणाली, ‘‘खरंच हाय की त्याचं. आपल्याला खुरपं पायजे म्हणून त्याच्या आईनं जन्मभर घण मारायचा व्हय?’’ या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. दोन रविवार घण मारून एखादी कला वाचत नाही, एवढी अक्कल मला आहे. फोड बरे झाले की आम्ही एसी ऑफिसात परत. मामींचा खांदा बरा होत नाही.

पण एक गोष्ट झाली. आमच्या बँकवालीने मामांना पीएम विश्वकर्मा योजनेत नोंदणी करायला लावली. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेतल्या १८ व्यवसायांत लोहारकाम आहे. पाच-सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज. घणाची जागा घेणारा छोटा पॉवर हॅमर बसवता आला तर मामींचा खांदा तरी सुटेल, असा मुलाचा हिशोब आहे. तो हिशोब आता तोच मांडतोय, हे विशेष.

खंडेनवमीला सकाळी व्हॉट्सअॅपवर त्याचाच फोटो आला. धुतलेली ऐरण, तिच्यावर हळदकुंकू, झेंडूची माळ. शेजारी घण, सांडशी, हातोडे ओळीने मांडलेले. आणि त्या ओळीच्या शेवटी आमचे पाच वाकडेतिकडे हूक, त्यांनाही कुंकवाचं बोट!

खाली त्याने लिहिलं होतं : ‘भंगारवाल्याला नाही सांगितलं. दिवाळीनंतर किती जण येताय?’

---

तुम्हालाही करून बघायचंय?

● कपडे सुती घाला. सिंथेटिकवर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. पायात चामडी बूट, पँट बुटाच्या वर. ओढणी, मोकळे केस, सैल बाह्या नकोत.

● डोळ्यांवर साधा पारदर्शक चष्मा हवाच. घाव घातला की लोखंडाचे गरम पापुद्रे उडतात. हातोड्याच्या हातात मोजा मात्र नको, पकड सुटते.

● काळं दिसणारं लोखंड गार असतंच असं नाही. जमिनीवर पडलेली कुठलीही वस्तू थेट उचलू नका. आधी हात जवळ नेऊन धग बघा.

● जस्ताचा मुलामा दिलेले पाइप किंवा पत्रे भट्टीत घालू नका. त्यांच्या धुराने ताप भरतो.

● तलवारीची हौस आवरा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या नियमांनुसार घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामाची नसलेली, ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांत मोडतात. खुरपं करा, कुणीतरी वापरेल तरी!

● नुसती हौस नाही, पूर्ण कोर्सच करायचाय? शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. हाताने काम करत शिकायचं, हे तिथलं तत्त्व. वेल्डिंग, फॅब्रिकेशनपासून शेतीपर्यंतचा निवासी अभ्यासक्रम तिथे चालतो. २००२ मध्ये तिथे फॅब लॅबही आली.

● आणि सगळ्यात महत्त्वाचं. गावच्या लोहाराकडे जाल तर त्याच्या दिवसाचे पूर्ण पैसे द्या, घासाघीस नको. सीझनच्या आधीच्या गर्दीत जाऊ नका. फोटो विचारून काढा. आणि फोन भट्टीपासून लांब ठेवा. अनुभवाचे बोल आहेत!